सहावीसाठी पालिकेची छोटी शाळा की खासगी?

मुंबईत खासगी विनाअनुदानित शाळेत चकाचक इमारत, संगणक कक्ष, स्नेहसंमेलनाचा थाट मिळतो. पण फी, बस, गणवेश यांत पगार संपतो. पालिकेच्या शाळेत आठवीपर्यंत फी नाही, पुस्तकं-दप्तर आणि दुपारचं जेवणही मिळतं.

पट कमी म्हणून नाक मुरडू नका. लहान वर्गात बाईंना प्रत्येक मूल ठाऊक असतं. खरी मेख शिक्षकांची. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा; गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना किमान एकेक. गणिताची जागा रिकामी आहे का, मुख्याध्यापकांना थेट विचारा. एखादी वही चाळा: नुसती लाल फुली आहे, की शेजारी गणित सोडवून दाखवलंय?

शिक्षक पूर्ण असतील तर माझा कौल पालिकेला. फक्त नववीची सोय आधीच पाहून ठेवा.