आरव्ही-७ए विमानाची पेडले आणि ब्रेक: एक परीक्षण

घरी बांधलेले विमान म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर उभे केलेले विमान आठवते. अमेरिकेत हा छंद बराच जुना आहे. अर्ध्याहून अधिक काम हौशी बांधणाऱ्याने स्वतः केलेले असले की तिथे विमानाला प्रायोगिक वर्गात नोंदणी मिळते. या वर्गात सर्वाधिक दिसणारी विमाने ऑरेगन राज्यातील ऑरोरा येथील व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीच्या किटमधून, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या संचातून, तयार झालेली असतात. त्यांपैकी आरव्ही-७ए या शेजारी-शेजारी दोन आसने असलेल्या तीनचाकी विमानाची पेडले आणि ब्रेक एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. इंजिन आणि पडद्यावरची उपकरणे यांविषयी हौशी लोक भरभरून लिहितात. पायाखालची यंत्रणा मात्र बिघडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

सेसना १७२ मध्ये पेडले पुढच्या चाकाशी जोडलेली असतात, त्यामुळे जमिनीवर पाय दाबला की चाक वळते. आरव्ही-७ए चे पुढचे चाक कशालाच जोडलेले नाही. ते सामानाच्या ट्रॉलीच्या चाकासारखे ओढले जाईल तिकडे फिरते. पेडलांच्या तारा केवळ शेपटीच्या रडरकडे, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या फळीकडे जातात, आणि रडरला पुरेशी हवा मिळेपर्यंत वळण्यासाठी त्या बाजूच्या मुख्य चाकाला ब्रेक लावणे हाच मार्ग उरतो. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, ब्रेक हेच सुकाणू असते, म्हणून या विमानाचे ब्रेक किती लवकर थांबवतात यापेक्षा ते किती हलक्या पायाने आणि दोन्ही बाजूंना किती सारखे लागतात, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

रचना साधी आणि माझ्या मते उत्तम आहे. वरून टांगलेल्या दोन पोलादी नळ्या केबिनच्या रुंदीभर जातात. एकीवर दोन्ही आसनांची डावी पेडले, दुसरीवर दोन्ही आसनांची उजवी. या नळ्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांमधील भोकांत फिरतात, आणि तिथे बॉल बेअरिंग वगैरे काही नाही. ठोकळे पक्के करताना बोल्ट थोडा जास्त आवळला गेला की नळी जड फिरू लागते आणि कमी आवळला तर पेडलाला खडखडाट येतो. कागदाच्या जाडीची पट्टी घालून हे जुळवण्यात वेळ जातो, पण एकदा जमले की पेडल बोटाने ढकलले तरी सरकते. आसनापासूनचे अंतर ठोकळे पुढे-मागे बसवून बांधतानाच ठरवायचे असते. कमी उंचीच्या वैमानिकाने आसनावर उशी ठेवून आणि उडताना घालणार तेच बूट घालून आधी बसून पाहावे, हा सल्ला मी आवर्जून देईन. पुढे हे बदलायचे म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या फायरवॉलखाली डोके घालून उताणे झोपणे आले.

रडरच्या पेडलावरच खालच्या टोकाशी ब्रेकचे पेडल बिजागरीसारखे बसवलेले असते आणि त्याच्या शेजारी पायाच्या जोराने ब्रेकच्या तेलात दाब आणणारा मास्टर सिलिंडर उभा असतो. टाच जमिनीवर टेकवून चवडा खालच्या भागावर ठेवला की फक्त रडर हलते. पाय वर सरकवून चवड्याने वरचा भाग दाबला की ब्रेक लागतो. जोराचा हिशेब सोपा आहे. चवड्याने २० किलोचा जोर दिला आणि पेडलाच्या तरफेने तो दुप्पट केला असे धरले, तर ५/८ इंच व्यासाच्या दट्ट्यावर, म्हणजे सुमारे २ चौरस सेंटीमीटरवर, ४० किलो येतात आणि तेलात दर चौरस सेंटीमीटरला २० किलो दाब होतो. चाकाजवळच्या चकतीवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा दट्ट्या दीड इंचाचा असेल तर पॅडवर सव्वादोनशे किलोंहून अधिक जोर मिळतो. ८१६ किलो कमाल वजनाच्या विमानाला तो पुरेसा आहे, आणि क्लीव्हलँड व मॅटको या दोन्ही कंपन्यांच्या ब्रेक-संचांमध्ये थांबवण्याच्या ताकदीबाबत तक्रारीला जागा मला दिसत नाही. मात्र नवे पॅड बसवल्यावर ते कंपनीच्या पद्धतीने तापवून आणि मग पूर्ण थंड होऊ देऊन त्यांच्यावर चकाकी आणावी लागते. हा सोपस्कार टाळला की चांगला ब्रेकही मवाळ वाटतो आणि दोष विनाकारण सिलिंडरच्या माथी जातो.

खरी अडचण उष्णतेची आहे. मास्टर सिलिंडरमध्ये दट्ट्या पूर्ण मागे आल्यावरच उघडणारी एक बारीक वाट असते, आणि तापून फुगलेले तेल त्या वाटेने ब्रेक-तेलाच्या टाकीकडे परत जाते. चवडा नकळत पेडलावर टेकलेला राहिला किंवा पेडल कुठे घासून शेवटचे दोन-तीन मिलिमीटर मागे आले नाही, तर ही वाट बंदच राहते. मग ब्रेक चिकटतो, आणखी तापतो आणि आणखी घट्ट धरतो. डावीकडून वारा असताना विमानाचे नाक वाऱ्याकडे वळू पाहते, त्यामुळे लांबच्या टॅक्सीवेवर उजवा ब्रेक सतत लागत राहतो. अशा वेळी थ्रॉटल कमी न करता ब्रेकनेच वेग आवरणारा वैमानिक उड्डाणाआधीच चकती भाजून काढतो. म्हणून बांधणी तपासताना मी सर्वांत आधी पेडल हाताने दाबून सोडतो आणि सिलिंडरचा दांडा पूर्ण बाहेर येतो की नाही ते विजेरी लावून पाहतो. आतील स्प्रिंगवर विसंबून न राहता बाहेरून परतीची स्प्रिंग लावणारे अनेक जण आहेत, आणि ते योग्यच करतात.

तेलाच्या बाबतीत काटकसर करू नये. गाडीच्या दुकानात मिळणारे डॉट-३ किंवा डॉट-४ तेल या सिलिंडरांतील नायट्राइल रबराच्या ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणाऱ्या गोल कड्या, फुगवते, त्यामुळे ते इथे चालत नाही. विमानांत नेहमी वापरले जाणारे ५६०६ क्रमांकाचे लाल तेल चालते, पण त्याच्या मानकात ज्वलनबिंदू किमान ८२ अंश सेल्सिअस एवढाच आहे. ८३२८२ या तेलाचा तो किमान २०५ अंश आहे. कडाक्याच्या थंडीत दुसरे तेल थोडे दाट होते, तरीही तापलेल्या चकतीशेजारी गळती होण्याची शक्यता लक्षात घेता मी तेच निवडेन. ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढताना तेल खालून, म्हणजे कॅलिपरच्या निपलमधून वर ढकलावे. पारदर्शक नळीतून लाल तेल आणि त्याच्या पुढे पळणारे बुडबुडे टाकीपर्यंत चढताना दिसतात, आणि बुडबुडे संपेपर्यंत हात थांबवू नये.

ज्यांना ही सगळी दगदग नको असेल त्यांनी सोनेक्स या दुसऱ्या किट-विमानाचा विचार करावा. तिथे पुढचे चाक पेडलांना थेट जोडलेले आहे आणि दोन्ही चाकांचे ब्रेक हाताच्या एका लिव्हरने एकदम लागतात. जागच्या जागी वळता येत नाही, पण पायांना एकच काम राहते. पायपर कब या जुन्या विमानात असत तसे टाचेचे ब्रेक काही जण हौसेने बसवतात. वाऱ्यात पेडल पूर्ण दाबलेले असताना टाचेने ते छोटे बटण शोधणे मला तरी जाचक वाटते.

सहवैमानिकाच्या बाजूचे ब्रेक हा पर्याय म्हणून मिळतो. त्यात टाकीतून येणारे तेल आधी उजवीकडच्या आणि मग डावीकडच्या सिलिंडरमधून कॅलिपरकडे जाते. डाव्या सिलिंडरची ती वाट बंद असेल तर उजवीकडून कितीही दाबले तरी उपयोग नाही. शिवाय दोन सिलिंडर, त्यांच्या नळ्या आणि गळू शकणारे सांधे वाढतात ते वेगळेच. विमानात कोणाला शिकवायचे असेल किंवा उजव्या आसनावर प्रशिक्षक बसणार असेल तर हा खर्च जरूर करावा. इतरांनी उजवी पेडले फक्त रडरपुरती ठेवावीत आणि वाचलेल्या पैशांत कॅलिपरजवळच्या नळ्या पोलादी विणीच्या घ्याव्यात.