दोनशे रुपये जास्त घेणारे दुकान

मागच्या महिन्यात मला ७०० बाय २८ मापाच्या टायरची जोडी हवी होती. त्याच कंपनीची तीच जोडी मोबाईलवरून मागवली असती, तर टायरमागे दोनशे रुपये वाचले असते आणि ती तीन दिवसांत दारात आली असती. मी मात्र बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका बोळातल्या सायकलच्या दुकानात चारशे रुपये जास्त मोजले आणि वर आठ दिवस वाटही पाहिली. गेली पाच वर्षे मी हेच करत आले आहे. हा शुद्ध वेडेपणा आहे की त्यात काही हिशेब आहे, असा प्रश्न घरात नेहमी विचारला जातो, म्हणून तो हिशेब एकदा मांडून ठेवते. दुकानाचे नाव देत नाही, कारण मालकांची तशी अट आहे. "आधीच हाताला काम पुरेना, आणखी गर्दी कशाला?" असे ते म्हणतात.

मालकांना सगळे मामा म्हणतात. मामा हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये सारखाच चालत असल्यामुळे गिऱ्हाईक कोणत्याही भाषेचे असो, अडचण येत नाही. मी शाळेत शिकवते हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले आणि तेव्हापासून मी त्यांच्यासाठी "बाई" झाले. दुकान म्हणजे दहा बाय बारा फुटांची खोली. समोर हवा मारण्याचा कॉम्प्रेसर, आत एक उभा स्टँड आणि छताला टांगलेल्या रिमा. दोन सायकली आत घेतल्या की तिसरीला पायरीवर उभे राहावे लागते. नव्या चकचकीत सायकलींची रांग पाहायची असेल, तर इथे येण्यात अर्थ नाही.

मी पहिल्यांदा गेले ती गुडघा धरून. सायकल नवी होती, दुसरीकडून घेतलेली, आणि रोज वीस किलोमीटर चालवून गुडघ्याच्या वाटीपुढे दुखू लागले होते. विकणाऱ्याने सीट "पाय टेकतील" इतकी खाली बसवून दिली होती. मामांनी सायकलला हात लावण्याआधी मला घरी पाठवले. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहायचे, पायांमध्ये एक जाड वही घट्ट वर दाबून धरायची आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे माप घरातल्या कोणाकडून तरी घेऊन यायचे, असे त्यांनी सांगितले. हे माप दुकानात चारचौघांत घ्यायला लावले नाही, ही गोष्ट मी आजही विसरलेले नाही. माप ७४ सेंटिमीटर आले. त्याला त्यांनी ०.८८३ ने गुणले आणि पॅडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ६५ सेंटिमीटरांच्या किंचित वर अंतर ठेवले. सीट जवळपास दोन इंच वर गेली. पहिले दोन दिवस मला पडण्याची भीती वाटत होती. तिसऱ्या आठवड्यात गुडघा गप्प झाला. या कामाचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

दर रविवारी सायकलने लांबच्या फेरीला जाणाऱ्या टीमशी ओळखही तिथेच झाली. शनिवारी संध्याकाळी पायरीवर बसलेल्या मंडळींकडे बोट दाखवून मामा म्हणाले, "उद्या साडेपाचला यांच्याबरोबर जावा. मागे पडलात तर हे थांबतील." ते थांबले, हे खरे, पण तीनच रविवार. चौथ्या रविवारपासून आपला वेग आपणच सांभाळायचा, असा टीमचा अलिखित नियम आहे. परीक्षा राजहंसगडाची. येळ्ळूर ओलांडल्यावर गडावर जाणारा रस्ता अंतराने छोटा आहे, पण चढ असा की सर्वांत हलका गिअर टाकूनही पुढचे चाक उचलल्यासारखे वाटते. मी दोन वेळा उतरून चालले आणि तिसऱ्या वेळी पाय न टेकवता वर पोचले. त्या दिवशी चहाचे पैसे दुसऱ्या कोणी तरी दिले. प्रवेशाचा सोहळा म्हणायचा तर तेवढाच.

टीममध्ये उद्यमबागेतला फाउंड्रीवाला आहे, बँकेतले दोघे आहेत, एक भूलतज्ज्ञ आहे, कॉलेजची मुले आहेत आणि एक पोलीस हवालदार आहे. घरी निम्मे मराठी बोलतात, निम्मे कन्नड. रस्त्यावर पुढचा माणूस हात खाली करून "खड्डा" म्हणतो किंवा "तग्गु" म्हणतो. मागच्या चाकाला दोन्ही शब्द सारखेच समजतात. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची असे वेंगुर्ला रस्त्याने गेले की शिनोळीला महाराष्ट्र लागतो. चंदगड तालुक्यात मिसळ खाऊन आम्ही साडेआठला परत कर्नाटकात असतो. ज्या सीमेवर आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी उभा जन्म काढला, ती आम्ही आठवड्यातून एकदा नाश्त्यासाठी ओलांडतो, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो आणि मिसळ समोर आली की जातो.

चाकाला चाक लावून जाणे मला टीमने शिकवले. पुढचा वारा कापतो, मागच्याचे श्रम बरेच वाचतात. मात्र पुढच्याने अचानक ब्रेक दाबायचा नाही आणि मागच्याने आपले पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाशेजारी घुसवायचे नाही. हे दोन नियम मोडणाऱ्याला चांगलेच ऐकून घ्यावे लागते, आणि ते योग्यच आहे. टीमबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. साठ-सत्तर किलोमीटरच्या फेरीत बाईमाणसाला जायला नीट स्वच्छतागृह कुठे आहे, याचा विचार रस्ता ठरवताना कोणी करत नसे. मी आणि आणखी एक जणी येऊ लागल्यावर दोनदा भांडून पेट्रोल पंपाचा थांबा ठरवून घ्यावा लागला.

आता दुकानाच्या कामाबद्दल. तीन वर्षांपूर्वी गाळप हंगामात किणयेच्या अलीकडे ट्रॉलीतून पडलेल्या उसाच्या कांड्यावरून माझे पुढचे चाक घसरले आणि मी उजव्या कुशीवर पडले. मला खरचटले तेवढेच. सायकलचे गिअर मात्र आपोआप बदलू लागले. मामा त्या आठवड्यात गावी गेले होते, म्हणून मी गावातल्या दुसऱ्या एका दुकानात गेले. तिथे तीन वेळा केबल ताणून दिली, तीन वेळा पैसे घेतले, आणि तिन्ही वेळा पुढच्या चढाला चेन पुन्हा उडी मारू लागली. मामा परतल्यावर त्यांनी सायकल स्टँडला लावली, मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिले आणि "कान वाकलाय" एवढेच म्हणाले. कान म्हणजे चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या डिरेलरला फ्रेमशी जोडणारा ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. फ्रेमवर बेतू नये म्हणून तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो आणि पडल्यावर आधी तोच वाकतो. त्यांनी डिरेलर काढला, त्या जागी लांब दांड्याचे एक हत्यार बसवले, दांडा चाकाभोवती फिरवत वर, खाली, पुढे, मागे अशा चार ठिकाणी रिमपासूनचे अंतर पाहिले आणि दांड्यालाच हलका दाब देत ते चारही ठिकाणी सारखे केले. वीस मिनिटे लागली, दीडशे रुपये झाले. तो कान तसाच राहिला असता, तर सर्वांत हलक्या गिअरवर डिरेलर आऱ्यांत घुसून चाकच मोडले असते, हे त्यांनी काम झाल्यावर सांगितले.

मी जास्तीचे पैसे देते ते मुख्यतः त्यांच्या नकारासाठी. चेन झिजून किती लांबली हे मोजायला त्यांच्याकडे भिंतीवर एक पोलादी पट्टी टांगलेली असते. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरायचे आणि बाराव्या इंचावर पाहायचे. नव्या चेनला तिथे बरोबर आणखी एका पिनेचा मध्य येतो. पिन इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे गेली असेल तर चेन बदलायची, आणि आठव्या भागाने गेली असेल तर चेनबरोबर मागची दातेरी चक्रेही गेली असे समजायचे. मी दोनदा नवी चेन घ्यायच्या तयारीने गेले आणि दोन्ही वेळा पट्टी माझ्याच हातात देऊन त्यांनी मला मोजायला लावले. "अजून आहे की, बाई. दिवाळीनंतर या." विकायला चेन समोरच लटकत होती.

गेल्या जानेवारीत टीममधल्या सहा जणांबरोबर मी २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, केली. तिला साडेतेरा तासांची मुदत असते आणि बाहेरची मदत फक्त नियंत्रण थांब्यांवरच घेता येते. मधल्या रस्त्यात जे मोडेल ते आपले आपण निस्तरायचे. म्हणून आदल्या संध्याकाळी सातही सायकली मामांकडे होत्या. माझा मागचा टायर त्यांनी अंगठ्याने इंच-इंच दाबत फिरवला, एका जागी थांबले आणि सुईने रबरात रुतलेली गारगोटीची कपची उकरून काढली. ती ट्यूबपर्यंत पोचायला कागदाएवढेच अंतर उरले होते. माझे २०० किलोमीटर अकरा तास पन्नास मिनिटांत पंक्चरविना झाले. सुरुवातीला सांगितलेले नवे टायर हे त्याच चिरलेल्या टायरच्या जागी घेतलेले आहेत.

दोषही सांगायला हवेत. मामांचे "उद्या संध्याकाळी" हे परवा दुपारीच समजावे. थोडा महागडा भाग लागला, तर तो पुण्याहून किंवा बेंगळुरूहून येईपर्यंत सायकल तशीच टांगलेली राहते. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. तेलाच्या डिस्क ब्रेकचे काम ते घेत नाहीत. "ते माझे नव्हे" असे सांगून परत पाठवतात, आणि न येणारे काम करून बघण्यापेक्षा मला ते बरे वाटते. एकदा त्यांच्या पोऱ्याने माझ्या हँडलचा बोल्ट पुरता आवळला नव्हता. काँग्रेस रोडवर वळताना हँडल हातात हलले आणि काळजात धस्स झाले. मी तशीच परतले, तेव्हा मामांनी सबब सांगितली नाही. त्या दिवसापासून मापाने आवळणारा टॉर्कचा पाना दुकानात आला आणि बोल्टवर लिहिलेल्या पाच न्यूटन मीटरपर्यंतच तो आवळला जातो.

तिथे जायचे असेल तर शनिवारची संध्याकाळ टाळा, कारण तेव्हा आमच्या सगळ्यांच्या सायकली रांगेत असतात. पावसाळ्यात खानापूरकडच्या लाल चिखलाने माखलेली सायकल तशीच नेऊ नका; धुऊन आणा, असे पोऱ्या तोंडावर सांगतो. तो बैलहोंगलकडचा आहे आणि आपण घाई करू लागलो की मान वर न करता "स्वल्प तडीरी" म्हणतो. थोडे थांबावेच लागते.