घाबरट कुत्रा फॉस्टर करायचाय: टॉवर, रो-हाऊस की जुनी बिल्डिंग?

फॉस्टरिंगचा, म्हणजे संस्थेचा कुत्रा कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरता सांभाळायचा, विचार करणारे आधी विचारतात, "आमचा फ्लॅट लहान आहे, चालेल का?" चालेल. माणूस किंवा दुसरा कुत्रा दिसला की भुंकत अंगावर जाणारा, आतून घाबरलेला कुत्रा पहिले काही दिवस एकाच कोपऱ्यात बसून राहतो. शू करायला खाली जाईपर्यंत त्याला किती जणांच्या किती जवळून जावं लागतं, ते आधी बघा.

ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर आवाज कमी पोचतो. अडचण लिफ्टची. दार उघडतं, समोर शाळेतून आलेली मुलं, आणि कुत्र्याला मागे सरायला जागाच नाही. सोसायटी कुत्र्याला लिफ्टमध्ये घेऊ देत नसेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. अशी बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. तरी गर्दी राहतेच. मग पहाटे आणि रात्री उशिरा फिरवायची तयारी हवी.

नवी मुंबईत नेरूळ-कोपरखैरण्याच्या रो-हाऊसमध्ये दार उघडलं की जमीन. पण गेटपाशी गल्लीतले कुत्रे येतात, कुरिअरवाला येतो. आपला भुंकतो, ते निघून जातात, आणि भुंकल्याने संकट टळतं हे त्याच्या डोक्यात दिवसातून अनेकदा पक्कं होतं. गेटला खालपासून पत्रा किंवा हिरवं कापड लावा, फटी बुजवा. अंगणातसुद्धा सुरुवातीला हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि कॉलर, दोन्हींना वेगवेगळी दोरी. घाबरलेला कुत्रा उलटा सरकून एकातून सहज निसटतो.

माझं मत ठाण्याच्या नौपाड्यातल्या दोन-तीन मजली जुन्या बिल्डिंगीला. जिन्यात पावलं आधी ऐकू येतात, वळून वरच्या लँडिंगवर जाता येतं. तिथे थांबायचं. कुत्र्याचे कान ताठ होतात, उघडं तोंड मिटतं, जीभ ओठांवरून फिरते. भुंकण्याआधीच्या त्या क्षणी बिनमिठाचं उकडलेलं चिकन द्यायचं. माणूस गेला की चिकन बंद. रोज असं झालं की अनोळखी पाऊल वाजल्यावर तो तुमच्याकडे बघायला लागतो. मात्र शेजारी रिडेव्हलपमेंटचं ड्रिलिंग सुरू असेल तर ही बिल्डिंग सोडा. टॉवरही तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत, जिना वापरता येत असेल तर चांगला.

घरात तिन्हीकडे रीत एकच. त्याच्याकडे तोंड न करता, एका बाजूला वळून जमिनीवर बसा आणि तुकडा त्याच्या मागे टाका. तो लांब जातो, मग स्वतःहून परत येतो; हात लावायची घाई नको. गुरगुरल्यावर कधीच ओरडू नका. ती सूचना आहे, ती दाबली तर पुढच्या वेळी न गुरगुरता चावू शकतो. भीतीने खाणं-झोपणंच सुटलं असेल तर पशुवैद्यांना दाखवा, त्यावर औषधं असतात.

घरात रांगतं मूल असेल तर हा कुत्रा घेऊ नका, शांत स्वभावाचा मागा. संस्थेकडून आधी लिहून घ्या: दवाखान्याचा खर्च कोणाचा, रेबीजची लस झाली का, जमलं नाही तर किती दिवसांत परत नेणार. आणि दिवाळीच्या तोंडावर कुठल्याच घरात आणू नका. तुळशीची लग्नं उरकू द्या, मग आणा.