जँगोचे कस्टम टेम्प्लेट टॅग वापरून बघितले, एकदम कामाचे, पण लोड व्हायला कुरकुर करतात

जँगो म्हणजे पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क, टेम्प्लेट म्हणजे पानाचा साचा आणि टॅग म्हणजे त्या साच्यात लिहायची छोटी आज्ञा. असा स्वतःचा टॅग लिहिणं या फ्रेमवर्कमध्ये खरंच सोपं आहे, साधं फंक्शन लिहा वर सिंपल टॅगचा डेकोरेटर (फंक्शनच्या डोक्यावरची @ वाली ओळ) लावा झालं. त्याला माझ्याकडून पूर्ण मार्क. डोकं खातं ते पुढचं, टेम्प्लेटमध्ये टॅगची फाइल आणायला लोड लिहिलं की कधीकधी लाल अक्षरात येतं की ही रजिस्टर्ड टॅग लायब्ररी नाही, खालीलपैकी एक हवी, आणि खाली नावांची यादी. बहुतेक जण ती यादी न वाचताच कोड खरडायला बसतात, पण अर्धं उत्तर तिथंच असतं हो! यादी अक्षरांच्या क्रमाने असते त्यामुळे शोधायला दोन सेकंद लागतात. कॅश, स्टॅटिक, टीझेड असली जँगोची स्वतःचीच नावं दिसतायत आणि तुमचं नाही, म्हणजे तुमची फाइल त्याला दिसलेलीच नाही. मग बघा, अ‍ॅप सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड अ‍ॅप्समध्ये टाकलंय का, फोल्डरचं नाव टेम्प्लेटटॅग्ज असंच आहे का (शेवटचा एस बऱ्याचदा राहतो), आत इनिट फाइल आहे का. आणि लोडपुढे अ‍ॅपचं नाही, फाइलचं नाव लागतं. सगळं बरोबर असेल तर सर्व्हर बंद करून परत चालू करा, कारण ही यादी सुरुवातीला एकदाच बनते, नवीन फोल्डर टाकलं म्हणून डेव्हलपमेंट सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होत नाही. हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय पण एररमध्येच एक ओळ टाकली असती तर किती जणांची संध्याकाळ वाचली असती.

दुसरी एरर वेगळी, इनव्हॅलिड ब्लॉक टॅग, लोड करायला विसरलात का असं विचारते. बेस टेम्प्लेटमध्ये (ज्यावर बाकीचे टेम्प्लेट उभे असतात) लोड केलंय तरी येते, कारण एक्स्टेंड करणाऱ्या टेम्प्लेटला ते लोड मिळत नाही, तिथं पुन्हा लिहावं लागतं, तेही एक्स्टेंड्सच्या खाली. प्रत्येक फाइलीत लिहायचा कंटाळा असेल तर सेटिंग्जमध्ये बिल्टइन्स म्हणून ऑप्शन आहे, १.९ पासून, तो मस्त.

मला सगळ्यात खटकलं ते हे की एका टॅग फाइलीत एक इम्पोर्ट जरी चुकला तरी ती फाइल न वापरणारी पानंसुद्धा बंद पडतात, कारण टेम्प्लेट इंजिन (साच्यातून पान बनवणारा भाग) उभं राहतानाच सगळ्या लायब्ररी इम्पोर्ट होतात. पण मेसेज स्पष्ट असतो, कुठल्या मोड्यूलला काय सापडलं नाही ते नावासकट सांगतो, त्यामुळे माझे पाचपैकी चार स्टार.