आधी रिलीज की आधी टेस्ट?

डेडलाइन तोंडावर आली की डेव्हलपरला दोन वाटा दिसतात. कोड चालतो आहे, तेव्हा आधी रिलीज करून (म्हणजे वापरकर्त्यांच्या हाती देऊन) तो नंतर नीटनेटका करावा, ही एक. टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम) लिहून आणि कोड रिव्ह्यू (दुसऱ्या डेव्हलपरकडून कोडची तपासणी) करून घेऊन मगच तो पुढे पाठवावा, ही दुसरी. यांपैकी एकच वाट संपूर्ण प्रकल्पासाठी ठरवून टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्राहकाला नेमके काय हवे आहे हेच ठाऊक नसते, तेव्हा पहिली वाट योग्य ठरते, कारण महिनाभर घासूनपुसून केलेले फीचर कोणी वापरलेच नाही, तर ती सारी मेहनत वाया जाते. अमेरिकन प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये अशा घाईने रिलीज केलेल्या कोडला कर्जाची उपमा दिली: थोडे कर्ज कामाला वेग देते, मात्र ते लवकर फेडले पाहिजे. वाईट कोड लिहिण्याची मुभा त्यांनी कधीच दिली नव्हती, हे त्यांनी पुढे स्वतः स्पष्ट केले.

न फेडलेल्या कर्जाचे काय होते, हे १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली संस्थेत दिसले. २००३ पासून वापरात नसलेला कोड तिच्या प्रणालीत तसाच राहिला होता, आणि तो सुरू करणारा जुना फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) नव्या फीचरसाठी पुन्हा वापरण्यात आला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेल्यामुळे तिथे तो जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटे चुकीच्या ऑर्डरी पाठवत राहिला. नुकसान ४४ कोटी डॉलरच्या घरात गेले. नको असलेला कोड वेळीच काढून टाकणे आणि रिलीजची दुसऱ्या कोणाकडून तपासणी करून घेणे, एवढ्या साध्या कामांनी ही आपत्ती बहुधा टळली असती.

म्हणून कोणताही बदल हाती घेताना मी आधी पाहतो, की चूक झाली तर ती परत फिरवता येईल का. स्क्रीनची मांडणी बिघडली तर रोलबॅकने, म्हणजे आधीची आवृत्ती परत आणून, काम भागते, तिथे खुशाल घाई करावी. परंतु डेटाबेसचे मायग्रेशन (साठवलेल्या डेटाची रचना बदलणे), पैशांचा हिशेब आणि लॉगिन यांत चुकीचा डेटा एकदा साठला, की कोड मागे घेऊनही तो दुरुस्त होत नाही. तिथे टेस्ट आणि रिव्ह्यू यांसाठी मुदत वाढवून मागावी, आणि तीही काम सुरू होतानाच, रिलीजच्या आदल्या रात्री नव्हे.