ठाण्यातली ऑर्थो कोडिंगची वीकेंड बॅच: मॅडमना पाच स्टार, क्लासला तीन

क्लासचं नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत. नौपाड्यातला आहे, स्टेशनवरून चालत जाता येतं एवढं पुरे. ऑर्थो कोडिंग म्हणजे हाडांच्या ऑपरेशनचं बिल लावायला ठरलेले कोड द्यायचे, ते इथे शिकवतात.

मी ऐरोलीला अमेरिकन क्लायंटच्या बिलिंगमध्ये आहे, डिनायल, म्हणजे इन्शुरन्सने नाकारलेली बिलं, बघते. ऑर्थोचे क्लेम परत येतात तेव्हा इम्प्लांट रिमूव्हलवर, म्हणजे शरीरात बसवलेली प्लेट, स्क्रू किंवा कृत्रिम सांधा काढण्यावर, फार डोकं जातं. इम्प्लांट काढलं म्हणजे नक्की काय काढलं हेच कोडरने नीट बघितलेलं नसतं, आणि त्यात खांदा असेल तर विचारूच नका. म्हणून ही बॅच लावली, आणि खांद्याच्या लेक्चरसाठी तरी पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

मॅडम आधी पुस्तक उघडूच देत नाहीत. प्रोजेक्टरवर ऑपरेशनची नोट लावतात आणि विचारत सुटतात, काय काढलं, किती खोलातून काढलं, का काढलं, आणि त्या जागी परत काही बसवलं का. ह्या चारांची उत्तरं नोटमध्ये खुणा करून दाखवा मग कोड बोला. सुरुवातीला वैताग येतो पण नंतर कळतं का ते.

फ्रॅक्चरला लावलेली प्लेट नि स्क्रू काढले तर २०६८०, खोलातलं इम्प्लांट. कातडीलगतचं वरवरचं काही असेल तर २०६७०. आमच्यातल्या एका पोराने प्लेटबरोबर जितके स्क्रू निघाले तितके युनिट लावून ठेवले, तर मॅडम म्हणाल्या अरे बाबा, भाजीवाल्यासारखं नगावर नाही बिल करायचं, एक फ्रॅक्चरची जागा म्हणजे एकदाच, मग स्क्रू कितीही निघोत आणि चिरा दोन असोत. वेगळ्या हाडातलं वेगळं हार्डवेअर त्याच वेळी काढलं तरच दुसरा, आणि त्याला ५९ मॉडिफायर, म्हणजे हे वेगळं काम आहे असं सांगणारी कोडची शेपटी.

आता खांद्याचा कृत्रिम सांधा काढला असेल तर २०६८० कडे बघायचं पण नाही. एकच भाग काढला, ह्युमरसचा (दंडाचं हाड) किंवा ग्लेनॉइडचा (खांद्याची खोबण), तर २३३३४, दोन्ही काढले तर २३३३५, आणि आतली साफसफाई त्यातच धरलेली असते, वेगळी लावायची नाही. टेलिग्रामवर ज्या फुकट पीडीएफ फिरतात ना, त्यात अजून २३३३१ आणि २३३३२ आहेत, ते २०१४ लाच काढून टाकलेत! अशा पीडीएफवर अभ्यास करणारी दोन मुलं आमच्याच बॅचमध्ये होती.

आणि सगळ्यात जास्त पैसा जिथे अडकतो ते म्हणजे जुना सांधा काढून त्याच वेळी नवीन बसवला तर ते रिव्हिजन, एका भागाचं २३४७३ आणि दोन्ही भागांचं २३४७४, काढण्याचा कोड वेगळा लावलात की सीओ-९७ हा नकाराचा कोड येणार म्हणजे येणारच, कारण काढणं त्यातच आलं. हे मी ऑफिसात रोज बघते पण का येतं ते इतकं सरळ कोणी सांगितलं नव्हतं, टीम लीड फक्त अ‍ॅडजस्ट कर म्हणतो.

२३३३३ वरून तर वर्गात भांडणंच झाली. तो खोलातल्या फॉरेन बॉडीचा कोड. डॉक्टरने मुद्दाम बसवलेलं ते इम्प्लांट, अपघाताने घुसलेलं ते फॉरेन बॉडी, इथपर्यंत सगळे खूश. पण २०२२ पासून सीपीटीत, म्हणजे ह्या कोडच्या अमेरिकन पुस्तकात, लिहिलंय की इम्प्लांट तुटलं किंवा जागेवरून सरकलं आणि आता त्याचा उपयोग नाही किंवा पेशंटला धोका आहे, तर कोडिंगपुरतं ते फॉरेन बॉडी. मग तुटलेला स्क्रू कुठे टाकायचा? मॅडमनी पुढची ओळ वाचायला लावली, त्या काढण्यासाठी वेगळा कोड नसेल तरच. अर्धा वर्ग तिथेच गप्प, उरलेला अर्धा चहाला खाली जाईपर्यंत भांडत होता.

डायग्नोसिसचे कोड, म्हणजे काढण्याचं कारण सांगणारे, ते पण छान घेतले. फ्रॅक्चर जुळलंय, ठरवून प्लेट काढायला आलाय तर झेड४७.२. प्लेट दुखतेय म्हणून काढतायत तर टी८४.८४. ह्युमरसच्या प्लेटला इन्फेक्शन असेल तर टी८४.६१ मधला उजवा की डावा बघून, आणि तेव्हा झेड४७.२ सोबत चालत नाही. कृत्रिम सांध्याच्या इन्फेक्शनला मात्र खुब्याला आणि गुडघ्याला स्वतःचे कोड आहेत, खांद्याला नाही, त्याला इतर सांध्यांच्या टी८४.५९ मध्ये बसवायचं. खांद्यावर हा अन्यायच आहे खरं तर.

ग्लोबल पिरियड, म्हणजे ऑपरेशननंतरचे त्याच पैशात धरलेले दिवस, थोडक्यात उरकला, २०६८० चे १० दिवस आणि २३३३४, २३३३५ चे ९०. पण ५८ आणि ७८ ह्या मॉडिफायरमधला फरक उदाहरणासकट दिला. इन्फेक्शन म्हणून सांधा काढला, अँटिबायोटिक सिमेंटचा स्पेसर ठेवला आणि नवीन सांधा नंतर बसवायचा हे आधीच लिहिलेलं असेल तर ५८, आणि गुंतागुंत झाली म्हणून ध्यानीमनी नसताना परत ओटीत न्यावं लागलं तर ७८.

बॅचमध्ये बीपीटी आणि बीएचएमएसवाले भरपूर, त्यांना अ‍ॅनाटॉमी येते. बीकॉमवाले अ‍ॅक्रोमियन आणि ग्लेनॉइडला अडकतात, तर मॅडम स्वतःच्याच खांद्यावर बोट ठेवून दाखवतात, कुठून चीर घेतली, डेल्टॉइड कुठे. नोट मग आपोआप डोळ्यासमोर येते.

आता तक्रारी. मॉक टेस्ट जुन्या पॅटर्नची आहे, १५० प्रश्नांची. सीपीसीची, म्हणजे कोडरच्या सर्टिफिकेटची, परीक्षा आता १०० प्रश्नांची, चार तासांची आहे आणि पासिंग ७० टक्के, हे काउंटरवर सांगून पण पेपर बदलला नाही. हॉस्पिटल साइडचं पीसीएस, म्हणजे भरती पेशंटच्या ऑपरेशनचे कोड, शिकवतच नाहीत, जाहिरातीत मात्र कम्प्लीट ऑर्थो लिहिलंय. आणि ते १०० टक्के प्लेसमेंटचं बॅनर, अहो अनुभव नसेल तर पास झाल्यावर नावापुढे ए लागतो म्हणजे अप्रेंटिस, कंपन्या तेच बघून अनुभव विचारतात, तेव्हा हे लोक फक्त दोन-तीन ठिकाणचे एचआरचे नंबर देतात. फी हप्त्याने घेतात हे चांगलं, पण रेकॉर्डिंग कोर्स संपला की बंद होतं, ते वाईट. एसीबद्दल मे महिन्यात बोलू नये.

नोकरीत असाल आणि ऑर्थोवर हात बसवायचा असेल तर जा, एकदम फ्रेशर असाल तर आधी बेसिक कुठेतरी करा, इथे झेपणार नाही. आणि प्रवेश घेताना रविवारची सकाळची बॅच मागून घ्या, संध्याकाळी दुसरे सर असतात ते स्लाइड वाचून दाखवतात.