डेटाबेसचा बॅकअप: डंप काढावा की फाइली कॉपी कराव्यात?

नवशिक्याने आधी डंपच शिकावा, असं माझं मत. मायएसक्यूएलमध्ये ‘मायएसक्यूएलडंप’, पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी_डंप’ चालवलं की टेबलं बनवण्याच्या आणि ओळी भरण्याच्या सूचना असलेली साधी टेक्स्ट फाइल मिळते. ती उघडून वाचता येते, नव्या आवृत्तीच्या सर्व्हरवरही सहसा चालते. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी (टेबलं साठवण्याची तिथली नेहमीची पद्धत) टेबलं असतील तर ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय जोडा. मग काम चालू असतानाही एकाच क्षणाचा सुसंगत डेटा हाती येतो. डंप काढला की लगेच रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून बघा (हे बहुतेक जण टाळतात, मीही टाळायचो). खरी गोची तिथेच कळते: प्रत्येक ओळ पुन्हा घालायची, इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या याद्या) पुन्हा बांधायचे. डेटा शेकडो जीबी असेल तर तासन् तास वाट बघत बसा.

तिथे फाइलींची थेट कॉपी बाजी मारते, कारण इंडेक्स तयारच येतात. पण चालू सर्व्हरचं डेटा फोल्डर नुसतं कॉपी केलं, तर काही फाइली आधीच्या क्षणाच्या, काही नंतरच्या. अशी कॉपी कुचकामी ठरू शकते. सर्व्हर बंद करा, नाहीतर चालू सर्व्हरची सुसंगत कॉपी काढणारं, पोस्टग्रेसच्या ‘पीजी_बेसबॅकअप’सारखं साधन वापरा. शिवाय पोस्टग्रेसच्या १५व्या आवृत्तीच्या फाइलींवर १६वी आवृत्ती सुरूच होत नाही.